डोळ्याचा आजार, गुडघ्याचा पुरावा

ही पापणी जवळून बघा. नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे अनेकांना येतात. कोलेस्टेरॉल तपासतात आणि विषय तिथेच संपतो. इथे मात्र चट्टा सपाट नाही. पापणी फुगली आहे, बोटाला टणक लागते आणि डोळा खोबणीतून पुढे येऊ लागला आहे.

अशा फुगीमागे हिस्टिओसाइट असू शकतात, म्हणजे शरीरातली घाण गिळणाऱ्या पेशी. क्वचित कुणामध्ये त्याच बेसुमार वाढतात आणि डोळ्यामागे ठाण मांडतात. ओळख पटते ती बायोप्सीतून. सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ पेशींच्या गर्दीत एक भलीमोठी पेशी दिसते: केंद्रकांची गोल माळ आणि माळेबाहेर फेसाची किनार. ही टाउटन पेशी.

पण ही पेशी सापडली म्हणून निदान पुरं होत नाही. मोठ्यांमध्ये डोळ्याभोवती असे चार आजार होतात. एक तिथल्या तिथेच राहतो. दुसऱ्यासोबत दमा सुरू होतो. तिसऱ्यात त्वचेवर जखमा होतात, रक्तात वेगळं प्रथिन सापडतं. चौथा सगळ्यांत घातक, एर्डहाइम-चेस्टर. तो हृदय, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही धरू शकतो.

म्हणून या तपासणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न डोळ्याचा नाहीच. ‘गुडघे दुखतात का?’ रुग्ण गोंधळतो. पण हाडांच्या स्कॅनवर दोन्ही गुडघ्यांच्या वर-खाली सारखेच गडद डाग उमटले, की डॉक्टरांना एर्डहाइम-चेस्टरची वाट सापडते. खूप तहान लागते का, हेही विचारायलाच हवं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का लागल्याची ती खूण असू शकते.

१९३० साली याकोब एर्डहाइम आणि विल्यम चेस्टर यांनी हा आजार नोंदवला. मग कित्येक दशकं हा दाह की कर्करोग, हाच वाद. २०१२ मध्ये कळलं, की जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात एक ठरावीक बदल असतो. त्यावर नेम धरणाऱ्या व्हेमुराफेनिब या औषधाला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२२ मध्ये कोबिमेटिनिब या दुसऱ्या औषधाला. गोळ्या सुरू झाल्यावर अनेकांचा आजार ओसरतो. पण त्वचेवर सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि औषध थांबवलं की तो बहुतेकदा परततो.

आजार पापणीपुरताच असेल, तर तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन सूज उतरवता येते. शस्त्रक्रियेने सगळं काढणं अवघड, कारण पेशी स्नायूंत आणि चरबीत मुरलेल्या असतात.

जनुकाची चाचणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते. त्यात रोगट पेशी फार कमी असतील, तर बदल असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो. अशा वेळी दुसऱ्या जागेचा तुकडा घेऊन पुन्हा तपासायचं.