मुदत संपली, डबा नाही

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादून)

मंडळी, फळ्यावर विषय आहे ‘घरच्या संगणकाची विंडोज बदलताना’. पाऊण तास मिळणार होता, त्यातला अर्धा सत्कारात गेला. नारळ मलाच मिळाला, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. तेव्हापासून जो तो विचारतो, ‘सर, डबा भंगारात देऊ का?’ अरे बाप्पा, मुदत संपली म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. जागलीला कोणी नसलं म्हणून वावर कुठं जात नाही. फक्त रानडुकरांना ते लवकर कळतं.

माझंच सांगतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची मुदत संपली, तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, काऊन घाबरता? अर्ध्या तासात करून देतो.’ पडद्यावर ६३ टक्के आले आणि लाईन गेली. इन्व्हर्टर होता हो! पण त्यावर पंखा आणि दिवा. संगणकाचा प्लग त्यावर घ्यायचा राहूनच गेला होता. रात्री साडेअकराला लाईन आली, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. बायको म्हणाली, ‘आता याला धूप दाखवा.’

तालुक्याला नेला. दुकानातल्या पोरानं विचारलं, ‘सी ड्राइव्हमध्ये कामाचं काही आहे का?’ मी ऐटीत म्हणालो, नाही. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे मला काय माहीत! त्यानं सी ड्राइव्ह पुसून नवी विंडोज टाकली, आणि भजनी मंडळाची सव्वाशे भजनं डेस्कटॉपवर होती. (हशा) हसा. सहा वर्षं टाइप केली होती.

पुढं त्याच भजनांची जुनी सीडी सापडली. उघडली, तर विठ्ठलाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराला मराठी मुखवटा चढवलेला असतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. सोसायटीच्या सचिवांनी जुने ठराव एकदा उघडून पाहावेत. आणि फॉन्टची फाइलही जपून ठेवावी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता! भराभर ऐका. आधी डेस्कटॉपसकट सगळ्याची बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद आहे का पाहा. विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतं, डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर चालतो का, तेही तेव्हाच बघून घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डची मराठी तिथंही तशीच. चार पैसे जास्त असतील तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवा. म्हातारा बैल पोळ्यासारखा सजतो आणि चालतोही.

प्रश्न विचारा. मागं माझा भाचा हात वर करतोय, त्याला सोडून कोणीही. आणि तो प्रोजेक्टर आधी बंद करा, लाईन जायची वेळ झाली.