दारामागचं मूल

चीनच्या शांतुंग प्रांतातलं हे दगडी स्मारक दुसऱ्या शतकातलं. भिंतीवर प्राचीन राजे ओळीनं कोरलेत. याओ आणि शुन यांच्या डोक्यावर मुकुट आहेत. त्यांच्या पुढचा हा बघा. डोक्यावर उन्हापावसाची टोकदार टोपी, हातात माती खणायचं दुदाती अवजार. हा यू. चिनी लोक त्याला 'ता यू' म्हणतात, थोर यू.

परंपरा सांगते, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पुरानं सगळा मुलूख गिळला होता. ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, पिवळी माती इतकी वाहून आणते की गाळानं तिचं पात्रच वर चढत जातं. तिला बांध घालायचा म्हणजे पाणी उशाशी घेऊन झोपायचं. यूच्या वडिलांनी, गुन यांनी, तेच केलं. नऊ वर्षं बांध घातले, पूर काही हटला नाही. शुन राजानं त्यांना यूशान डोंगरावर हद्दपार केलं. तिथेच ते वारले. आणि मग तेच काम शुननं त्यांच्या मुलाच्या हाती दिलं.

यूनं पाणी अडवायचं सोडून त्याला वाट करून दिली. गाळ उपसला, चर खणले, नद्या समुद्राकडे काढून दिल्या. तेही स्वतः चिखलात उतरून. राबून राबून त्याच्या पोटऱ्यांवर केस उरले नव्हते, असं जुने ग्रंथ सांगतात. राजाचं याहून मोठं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

तूशानच्या मुलीशी लग्न झालं आणि चार दिवसांत तो कामावर परतला. पुढची 13 वर्षं तो बाहेरच होता, असं इतिहासकार सिमा छ्यान लिहितो. या काळात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला म्हणतात. घरात तान्हं पोर टाहो फोडत होतं. यूनं उंबरा ओलांडला नाही.

बीजिंगच्या एका संग्रहालयात सुमारे 2900 वर्षांपूर्वीचं काशाचं भांडं आहे. त्यावर 98 अक्षरं आहेत, आणि सुरुवातच यूपासून: स्वर्गानं त्याला माती पसरायची, नद्या उपसायची आज्ञा केली. हनान प्रांतात अर्लितौला 1959 मध्ये उत्खनन सुरू झालं. राजवाड्यांचे चौथरे निघाले, रस्त्यावर चाकांच्या चाकोऱ्या निघाल्या. यूच्या शिया घराण्याची राजधानी ती हीच, असं अनेक चिनी पुरातत्त्वज्ञ मानतात. मात्र शिया हे नाव असलेला एकही लेख तिथे मिळालेला नाही.

घराणं उभं राहिलं त्याची हकिकत प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस सांगतो. शुननं गादी मुलाला न देता यूला दिली होती. यूनंही ती आपल्याबरोबर राबलेल्या यी या सहकाऱ्याच्या हवाली करायचं ठरवलं. क्वैजी डोंगराच्या परिसरात यू वारला. आजच्या शाओशिंगमध्ये त्याची समाधी आहे. तीन वर्षांचं सुतक सरलं. तंटे घेऊन येणारी माणसं यीच्या दारी गेलीच नाहीत. ती गेली 'ची'कडे, त्या दारामागे रडणाऱ्या पोराकडे. म्हणाली, "हा आमच्या राजाचा मुलगा."