उसातली वाट

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक आवाज आठवा. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस आणि पात्यावर पातं घासल्याची सळसळ. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या ती ओळखीची असते. ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ या १९४३ सालच्या कृष्णधवल भयपटातला सगळ्यात थरारक प्रसंग या आवाजावर उभा आहे.

वेस्ट इंडीजमधलं एक काल्पनिक बेट. तिथल्या गोऱ्या मळेवाल्याची बायको जेसिका चालते, फिरते, पण बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. तिच्या शुश्रूषेला आलेली नर्स बेट्सी, डॉक्टरी उपाय थकल्यावर, तिला हाताला धरून वूडू या तिथल्या धर्माच्या पूजास्थानाकडे निघते. वाटेत टांगलेलं मेलेलं जनावर, एक कवटी. लांबून ढोल ऐकू येतो. आणि एकाएकी विजेरीच्या उजेडात वाटेवरचा पहारेकरी कारफूर दिसतो. उंच, काटकुळा, बाहेर आलेले डोळे, पापणीसुद्धा न हलवता उभा. तो त्यांना काहीही करत नाही. दिग्दर्शक जाक टूर्नर आपल्याला नुसतं चालायला लावतात, आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो.

स्टुडिओनं निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या हाती हे भडक नाव ठेवलं होतं. त्यांनी त्यात ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीची गोष्ट आणून बसवली.

आजचे पडद्यावरचे झॉम्बी, म्हणजे मेल्यावर उठलेली माणसं, जिवंत माणसांना खातात. हैतीच्या लोककथेतला झॉम्बी राबतो. फ्रेंचांच्या ऊसमळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत खपत होते. मेल्यावरही कुणी उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही त्या कल्पनेतली खरी भीती. वूडू हा तिथल्या लोकांचा धर्म आहे. सिनेमानं त्याचं निव्वळ चेटूक करून टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं, आणि हा चित्रपटही त्या दोषातून पुरता सुटलेला नाही. पण गुलामगिरीचं दुःख तो विसरत नाही. त्यातल्या बेटावर मूल जन्मलं की बायका रडतात. का, तर पिढ्यान्‌पिढ्या त्यांना आयुष्य म्हणजे ओझंच वाटत आलं.

सुरुवातीचा घोडागाडीतला प्रसंग तर जरूर कान देऊन ऐका. काळा गाडीवान बेट्सीला सांगतो, की आमच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी बांधून इथे आणलं. ती भाबडेपणानं म्हणते, पण आणलं ते किती सुंदर जागी! त्यावर तो शांतपणे उत्तरतो, तुम्ही म्हणता तर तसं, बाईसाहेब. आणि गाडी पुढे जाते.