तठे जावानं नही

(अंधार. लांबून ढोलकी. हळूहळू यात्रेचे दिवे दिसायला लागतात.)

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा असेन सात-आठ वर्षांचा, मामाच्या खांद्यावर बसून. दत्त जयंतीची गर्दी, डिसेंबरची थंडी आणि तापीवरून येणारा तो वारा, कानटोपी घालूनही कान दुखायचे. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, घोडेबाजार पाहिला, पाळण्यात बसलो, गोडीशेव घेतली, आणि मग पार टोकाला एक मोठा तंबू दिसला, रंगीत दिवे, भोंगा, आतून ढोलकी. मी बोट दाखवलं तर मामा म्हणे, तठे जावानं नही. का नाही ते काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

मोठा झाल्यावर कळलं की तो तमाशाचा तंबू होता, आणि मामाने जे केलं त्याला जगात झोनिंग म्हणतात, म्हणजे कुठला धंदा शहरात कुठे चालेल ते ठरवणं, आणि त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झालीयेत, अमेरिकेच्या पण आणि आपल्या पण.

(दृश्य: शहराचा नकाशा, त्यावर एक बोट फिरतंय.)

विषय जरा अवघड आहे, घरात टीव्हीवर लावला तर कोणीतरी रिमोट शोधायला लागेल. पण आपल्याकडे त्यासाठी एक मस्त शब्द आहे, तसला. तसला पिच्चर, तसला एरिया, तसले धंदे. डान्सबार, बीअर शॉपी, मॉर्निंग शोवाली टॉकीज, लॉज, देहविक्रीची वस्ती, सगळं त्या एका शब्दात बसतं. आता प्रश्न असा की हे धंदे पूर्ण बंद करता येत नाहीत, कधी कायदा आडवा येतो कधी गिऱ्हाईक, मग शहरात ते ठेवायचे कुठे? म्हणजे कोणाच्या दाराशी?

अमेरिकेत डेट्रॉईट नावाचं गाड्या बनवणारं शहर आहे. तिथे १९६२ मध्ये एक नियम आला की काही प्रकारचे धंदे एकमेकांना चिकटून नकोत, एका ठिकाणी जमले की गल्ली बिघडते. १९७२ मध्ये त्या यादीत अडल्ट थिएटर आणि तसली पुस्तकांची दुकानं टाकली. यादी वाचण्यासारखी आहे भो. बार, हॉटेल, लॉज, गहाणवटीचं दुकान, पूल टेबलचा अड्डा, आणि त्याच रांगेत जुन्या वस्तूंचं दुकान आणि बूट पॉलिशवाला! बूट पॉलिशवाल्याने काय घोडं मारलं होतं कोणास ठाऊक, पण यादी बनवताना साहेब लोकांच्या डोक्यात धंदा कमी आणि तिथे येणारी माणसं जास्त असतात, एवढं त्यातून कळतं.

तर नियम काय, की अशा दोन जागांपासून १००० फुटांच्या आत तिसरी नको आणि वस्तीपासून ५०० फुटांच्या आत नको. थिएटरवाले कोर्टात गेले, म्हणे आमचं बोलण्याचं स्वातंत्र्य. १९७६ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ असं फुटलं आणि नियम टिकला. म्हणजे एक जज इकडचा तिकडे झाला असता तर गोष्टच वेगळी.

बॉस्टनवाल्यांनी बरोबर उलटं केलं. डेट्रॉईट म्हणतं पांगवा, बॉस्टन म्हणतं एकाच जागी ठेवा म्हणजे बाकीचं शहर सुटलं. १९७४ मध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटच्या बाजूचा एक भाग अधिकृतपणे त्यासाठी ठरवला, त्याला लोक कॉम्बॅट झोन म्हणायचे. हे धंदे मुळात तिथले नव्हतेच, आधीचा स्कॉले स्क्वेअर नावाचा चौक पाडून सरकारी ऑफिसं बांधली तेव्हा तिथून उठून इकडे आले. पुढे मारामाऱ्या, खून, मग जागेचे भाव वाढले, मग व्हिडिओ कॅसेट घरोघर आली आणि तो झोन हळूहळू विझून गेला. नियम करून जे झालं नाही ते व्हीसीआरने करून टाकलं.

पण सगळ्यात महत्त्वाची केस रेंटनची. वॉशिंग्टन राज्यातलं छोटं गाव. त्यांनी ठरवलं की घरं, शाळा, चर्च, बाग यांच्यापासून १००० फुटांच्या आत अडल्ट थिएटर नाही. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, आणि कारण नीट ऐका, कारण शेवटी ते लागणार आहे. कोर्ट म्हणालं, गाव पिच्चरमध्ये काय दाखवतात यावर बोट ठेवत नाहीये, त्या धंद्याचे आजूबाजूला जे परिणाम होतात, गुन्हे वाढतात, घरांचे भाव पडतात, त्यावर ठेवतंय. आणि दुसरं, की गावात अशा धंद्याला कुठेतरी जागा उरलीये का? रेंटनने दाखवलं, ५२० एकर उरलीये, गावाच्या पाच टक्क्यांच्या वर. थिएटरवाले म्हणे तिथली बरीच जागा आधीच भरलेलीये, बाकी परवडत नाही. कोर्ट म्हणे तो बाजाराचा प्रश्न, आमचा नाही.

न्यूयॉर्कचा किस्सा तर सोडूच शकत नाही. १९९५ मध्ये तिथे नियम आला आणि त्याचा असा अर्थ निघाला की दुकानाच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी जागेत तसला माल असेल तर ते दुकान तसलं नाही. मग काय, दुकानदारांनी पुढच्या ६० टक्क्यांत कराटेच्या कॅसेटी आणि कार्टून मांडून ठेवली. कोणी विकत घेत नव्हतं, पण टेप लावून मोजलं की बरोबर भरायचं. हे ऐकून मला आपल्या इथला एक पण माणूस आश्चर्य करेल असं वाटत नाही.

(दृश्य: जळगाव. हायवेवरून जाणाऱ्या ट्रक, मागे प्लॉट विक्रीचे बोर्ड.)

आता आपल्याकडे या. इथे प्लॉटचा धंदा करणारा कोणीही माणूस तुम्हाला झोन शिकवेल, येलो झोन म्हणजे रहिवासी, ग्रीन झोन म्हणजे शेती, एनए म्हणजे बिगरशेती झालं का नाही झालं, डीपी रोड म्हणजे आराखड्यातला रस्ता कुठून जातो. १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रत्येक शहराचा विकास आराखडा बनतो, आणि धुळ्याला तर त्याच्याही दीडशे वर्षं आधीपासून सवय आहे, १८१९ मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि सरळ गल्ल्या आखल्या, त्या आजपण गल्ली नंबर अमुक म्हणूनच ओळखल्या जातात. पण या सगळ्या नकाशांत तसल्या धंद्यांचा रंग तुम्हाला सापडणार नाही. आपण नकाशात रंग देत नाही, आपण लायसन्स देताना टेप लावतो.

शाळा-कॉलेजपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही, २००३ चा कायदा, म्हणजे साधारण ९१ मीटर. मंदिर, मशीद, शाळा, होस्टेल, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत देहविक्री केली तर गुन्हा, १९५६ चा कायदा. यात गंमत अशी की एखादी बाई स्वतःच्या मर्जीने एकटीने हे काम करत असेल तर तो गुन्हा नाही, गुन्हा ठरतो तो कुंटणखाना चालवणं, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं वगैरे, आणि हे २०० मीटर. आता जुन्या गावात एक जागा दाखवा जिथून २०० मीटरवर एक पण मंदिर नाही, दर्गा नाही, शाळा नाही. म्हणजे कागदावर गुन्हा नाही, पण उभं राहायला जागा पण नाही. रेंटनच्या केसमध्ये कोर्टाने विचारलं होतं ना, जागा उरलीये का, तो प्रश्न इथे कोणी विचारतच नाही.

मी एकदा स्वतः मोजून पाहिलं. कुठल्या गावात ते सांगत नाही. शाळेच्या गेटवर तो पिवळा बोर्ड, १०० यार्डाचा, आणि समोर टपरी. मोबाईलच्या नकाशावर सरळ रेघ मारली तर ६० मीटर, रस्त्याने चालत गेलो तर डिव्हायडरला वळसा घालून १३० च्या वर. टपरीवाल्याला विचारलं तर तो शांतपणे चुना मळत म्हणे, पोरं उडत येत नाहीत ना साहेब. बरं पोरं वळसा घालून पण येत नाहीत, डिव्हायडरवरून उडी मारून येतात, ते अंतर कुठे मोजायचं?

(दृश्य: जुना बार, बंद शटर.)

सगळ्यात मोठं भांडण झालं डान्सबारचं. २००५ मध्ये राज्याने बंदी आणली, पण थ्री स्टार आणि त्याच्यावरची हॉटेलं वगळली. म्हणजे स्वस्तातला नाच अश्लील आणि महागातला कल्चर. ७५ हजारांवर बायका बेकार झाल्या असं कोर्टात मांडलं गेलं. २००६ मध्ये हायकोर्टाने बंदी उडवली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच केलं. मग २०१६ मध्ये नवीन कायदा आला, त्यात बंदी शब्द नाही पण अट अशी की शाळा आणि धार्मिक स्थळापासून १ किलोमीटर लांब. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही अट रद्द केली, कारण मुंबईसारख्या शहरात १ किलोमीटरमध्ये देऊळ नाही शाळा नाही अशी जागा मिळणारच नाही, म्हणजे ही मागच्या दाराने आणलेली बंदीच. २००५ पासून एकाला पण लायसन्स दिलेलं नाही हे पण कोर्टाने बोलून दाखवलं. संध्याकाळी ६ ते रात्री ११:३० ही वेळ मात्र ठेवली, आणि पैसे उधळायचे नाहीत, टीप देता येईल.

आता ते १ किलोमीटर घेऊन परत सारंगखेड्याला चला. तमाशाचा फड यात्रेत येतो कशामुळे? देवामुळे. यात्रा देवाची, गर्दी देवाची, आणि आत तंबूत पण सुरुवात गणानेच होते, मग गवळण, मग बाकी सगळं. नाच देवळाजवळ नको हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांना कळलंच नसतं, त्यांना नाच देवळाजवळच माहीत होता. तो कायदा बारसाठी होता, तमाशासाठी नव्हता, मान्य, पण ते १ किलोमीटर ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांनी कुठलीतरी यात्रा लहानपणी पाहिलीच असेल ना.

(दृश्य: संध्याकाळ. हायवेवरचा ढाबा, लाल-हिरव्या ट्यूब.)

मग आला डिसेंबर २०१६. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नॅशनल आणि स्टेट हायवेपासून ५०० मीटरमध्ये दारूविक्री नाही, १ एप्रिल २०१७ पासून. कारण नैतिक वगैरे नव्हतं, रस्त्यावर माणसं मरत होती. ज्या गावाची लोकसंख्या २० हजारांच्या आत तिथे नंतर २२० मीटर केलं. पण जळगावसारख्या ठिकाणी तेव्हा हायवे गावाच्या पोटातून जायचा, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, प्रभात चौक हे सगळे त्यावरच, तर ५०० मीटर म्हणजे अर्धं शहर. मग देशभर काय झालं, काही ठिकाणी रस्त्याचंच नाव बदललं, कालपर्यंत स्टेट हायवे आजपासून महापालिकेचा रस्ता, चंदीगडची केस तर गाजली. शेवटी जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच सांगितलं की नगरपालिका-महापालिका हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागत नाही. दुकान हललं नाही, रस्ता हलला.

आपल्या ढाब्यावर मात्र झोनिंग कोणी न सांगता होतं. बोर्डच वाचा, फॅमिली सेपरेट. पुढे बाज टाकलेल्या, तिकडे ड्रायव्हर आणि पार्टीवाली पोरं, मागे पडदा लावून फॅमिली रूम, आणि शेवभाजी दोन्हीकडे एकाच कढईतली. एकच पडदा मध्ये, पण कोणाला कुठे बसायचं ते लहान पोराला पण कळतं.

एक नियम मात्र मला या सगळ्या टेपांपेक्षा आवडतो आणि तो आपलाच आहे. आडवी बाटली. २००८ चा आदेश. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद. झालेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, ऊसतोडीला गेलेली बाई पण यादीत मोजली जाते, त्यामुळे बऱ्याचदा बायका जिंकूनपण हरतात. तरी पण, ज्यांच्या दाराशी ते दुकान आहे त्यांना विचारलं जातं. मीटरला कोणी काही विचारत नाही.

(दृश्य: सारंगखेडा, दुपार. तंबू उभा राहतोय.)

या शूटिंगसाठी आम्ही परत यात्रेत गेलो. तंबू तिथेच होता, टोकाला. मी यात्रेतल्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याला विचारलं, बाबा, तमाशा इतका लांब का ठेवतात, देवामुळे का बायकापोरांमुळे? मला वाटलं आता मस्त काहीतरी बाईट मिळेल. तो घोड्याच्या पाठीवर खरारा मारत होता, थांबला पण नाही.

घोडा बिचकतस ना भाऊ ढोलकीले, म्हणे. म्हनीसन तंबू तठे.