डोंगराच्या पोटात तेल, तेलाखाली पाणी

ओआहू. हवाई बेटांपैकी एक, होनोलुलू शहराचं बेट. चहूकडे प्रशांत महासागर, आणि प्यायचं पाणी जवळजवळ सगळं जमिनीखालचं.

कूलाऊ डोंगरांवर पाऊस कोसळतो आणि लाव्हाच्या थरांमध्ये मुरतो. खडक बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्यामानाने अगदी कोवळा, भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला. पावसाचं पाणी खाली पोचेपर्यंत साधारण २५ वर्षं जातात, आणि तोवर ते छान गाळून निघतं.

खाली त्याच खडकात समुद्रही शिरलेला असतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते फूटभर असेल, तर खाली सुमारे ४० फूट असतं. हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी फूटभर उतरली, की खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकतं.

या पाण्याच्या जेमतेम १०० फूट वर, रेड हिल नावाच्या टेकडीच्या पोटात, अमेरिकी नौदलाने इंधनाच्या २० टाक्या बांधल्या. एकेक टाकी २५० फूट उंच, पावणेपाच कोटी लिटरची. शत्रूच्या बॉम्बपासून तेल वाचावं म्हणून १९४०मध्ये काम सुरू झालं, १९४३मध्ये संपलं. खालच्या पाण्याचं काय, याची चिंता तेव्हा कोण करणार?

२०१४मध्ये एका टाकीतून सुमारे एक लाख लिटर इंधन झिरपलं. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नी लाऊ तेव्हापासून सांगत होते, हे तेल इथून हलवा.

मग २०२१. मे महिन्यात नळ फुटून विमानाचं इंधन सांडलं. त्यातलं बरंचसं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या प्लॅस्टिकच्या निचरा-नळीत शिरलं आणि सहा महिने तिथेच पडून राहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही! २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या गाडीचा त्या नळीला धक्का लागला, आणि ते बाहेर आलं. जवळच नौदलाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. या पाण्यावर सुमारे ९३ हजार माणसं अवलंबून. घराघरांतल्या नळाला इंधनाचा वास येऊ लागला. मुलांच्या अंगावर पुरळ, उलट्या, डोकेदुखी. सुरुवातीला मात्र पाणी सुरक्षित असल्याचंच सांगितलं गेलं.

मार्च २०२२मध्ये टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय झाला. पुढे जवळपास ३९ कोटी लिटर इंधन उपसून बाहेर नेलं. खडकात मुरलेलं मात्र असं उपसता येत नाही.

शहराची हलावा विहीर याच जलसाठ्यातून पाणी घेत होती. डिसेंबर २०२१मध्ये मंडळाने ती स्वतःहून बंद केली, कारण पंप चालले तर दूषित पाणी तिकडे ओढलं जाण्याची भीती. शहराच्या मुख्य भागाचं सुमारे २० टक्के पाणी त्या एका विहिरीचं. ती तूट भरायला बाकीच्या विहिरींवर भार टाकायचा, तर तिथे खारं पाणी वर येणार. म्हणून मार्च २०२२मध्ये मंडळाने होनोलुलूकरांना विनंती केली, पाणी १० टक्के कमी वापरा.