गार पाण्यातली ट्राऊट

मार्चचा पहिला आठवडा. पुण्यात रसवंत्यांची घुंगरं वाजू लागली असतील. इथे हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, गुशैणीच्या वरच्या अंगाला, नऊ वाजून गेले तरी काठच्या दगडांवर बर्फाचा पापुद्रा आहे.

ट्राऊट या माशाचा हंगाम नुकताच उघडलाय. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथे ट्राऊट धरायला बंदी असते, कारण तिच्या विणीचे दिवस त्यातच येतात. मत्स्य विभागाचा परवाना खिशात आहे, गळाचा रॉड जोडून झालाय. तरी पुण्याहून आलेला हा गडी अजून पाण्यात उतरलेला नाही. नुसताच काठाने फिरतोय. नदी त्याच्या ओळखीची नाही ना!

आधी तो थर्मामीटर पाण्यात धरतो. पाच अंश. दिवसाचं अर्धं गणित या आकड्यातच आलं. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते, आणि धावपळ तर तो टाळतोच. त्यामुळे उन्हाळ्यात खळाळत्या पाण्यात दिसणारी ट्राऊट आता तिथे शोधण्यात अर्थ नाही. ती असणार डोहाच्या तळाशी, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला, नाहीतर वेगाची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात त्या शिवेवर. आपण संथ पाण्यात राहायचं आणि धारेतून येणारं खाणं जागच्या जागी टिपायचं, हा तिचा हिशेब. ही शीव शोधायची तर पाण्यावरचा फेस बघावा. फेस ज्या रेषेने जातो, त्याच रेषेने खाणंही वाहत जातं.

आता तो तळहाताएवढा एक दगड उचलून उलटा करतो. खाली चपटे, तपकिरी, सहा पायांचे जीव दगडाला घट्ट चिकटलेत. मेफ्लाय नावाच्या कीटकाची ही पिल्लं, अजून पंख न फुटलेली. शेजारी वाळूचे कण जोडून बांधलेली एक बारीक नळी आहे. तिच्या आत कॅडिस या दुसऱ्या कीटकाची अळी. दगड होता तसा परत ठेवला जातो, आणि डबीतून फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, गळावर तांब्याच्या तारेने बांधलेली खोटी माशी बाहेर येते. डोक्याशी टंगस्टनचा मणी, म्हणजे ती लगेच तळ गाठेल.

एरवी गळ लांब जातो तो शिशाच्या वजनाने. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे अशा खोट्या माशीने मासा धरताना, वजन असतं जाड दोरीत, म्हणून तर ती डोक्यावरून मागे-पुढे फिरवावी लागते. कॅमेऱ्याला ते दृश्य फार आवडतं, पण आज ते फारसं दिसणार नाही. आज फेक अगदी जवळची, रॉडचं टोक उंच, आणि दोरी शक्य तितकी पाण्याबाहेर. धारेने दोरी ओढली की माशीही पळते, आणि पळणाऱ्या घासामागे या गारठ्यात कुणी येत नाही.

पाण्यात उतरताना तो स्वच्छ, बारीक खडीचे पट्टे टाळतो. ब्राऊन ट्राऊटची मादी अशाच खडीत खड्डा करून अंडी घालते, आणि मार्चमध्ये नवी पिल्लं अजून त्या खडीतच असू शकतात. तशी ही ट्राऊट इथली नव्हेच. स्कॉटलंडहून काश्मीरला आणि तिथून १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी ती कुल्लूत आणली. मूळची इथली ती स्नो ट्राऊट. नावात ट्राऊट असली, तरी कुळ कार्पचं, म्हणजे रोहू-कटल्याचं. गळवाल्यांच्या गप्पांत तिचं नाव क्वचितच निघतं, हे जरा खटकतं.

पहिला तास कोरडा जातो. सावलीत हवा शून्याखाली आहे. दोरीवरचं पाणी रॉडच्या कड्यांत गोठतं आणि दोरी अडकते. टोक नदीत बुडवायचं, बर्फ सुटला की पुन्हा फेकायचं.

बाराच्या सुमाराला डोहावर ऊन आलंय. थर्मामीटर सात दाखवतो. दोन अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही. माशाला मात्र तेवढ्यानं भूक लागते.

फेसाच्या रेषेतून माशी खाली येते. हिसका नाही, झटका नाही. दोरी फक्त थबकते. तो रॉड उचलतो, आणि रॉड वाकतो.

ब्राऊन ट्राऊट. सोनेरी कूस, लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. हात आधी पाण्यात भिजवलेले, कारण कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशीला वाट मिळते. गळाच्या टोकाला उलटा काटा नाही, त्यामुळे तो सहज सुटतो. फोटोसाठी तिला वर धरायची नाही. गोठणाऱ्या हवेत कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्यांना इजा होते. तोंड प्रवाहाकडे करून तो हात सैल सोडतो. शेपटी एकदा हलते, आणि ती पुन्हा तळाला जाते.

तीन वाजता ऊन डोंगराआड जाईल. त्याआधी तो वहीत डोहाचा कच्चा नकाशा काढतो: धोंडा कुठे, फेस कुठून जातो, पाणी किती अंश. मात्र एप्रिल-मेमध्ये वरचं बर्फ वितळलं की नदी चढते, गढूळते, आणि आज टिपलेल्यातल्या बऱ्याच जागा तेव्हा पाण्याखाली हरवलेल्या असतील.