कोळशाचं पेव आणि एक हिशेबनीस

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरात चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. त्यांत घरं बांधणारेही होते. महिनाअखेरीला त्यांच्या नफ्याची बेरीज मारताना कधीतरी मनात यायचं, हे आपल्यालाही जमलं असतं की! मग वही मिटायची, सायकल काढायची आणि घर गाठायचं. असाच विचार अमेरिकेतल्या एका हिशेबनिसाच्या डोक्यात आला, पण त्यानं नुसती वही मिटून घर गाठलं नाही. त्याचं नाव एली ब्रॉड.

जन्म १९३३चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. वडील घरं रंगवायचे, आई शिवणकाम करायची. पोर वाढलं डेट्रॉइटला आणि विशीतच मिशिगन राज्यातला तोवरचा सर्वांत तरुण सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट झालं. बायकोच्या चुलतबहिणीचा नवरा डोनाल्ड कॉफमन घरं बांधायचा. ब्रॉडनं त्याच्या कचेरीत टेबल टाकलं आणि त्या जागेच्या बदल्यात त्याचे हिशेब लिहू लागला. १९५७ साली सासुरवाडीकडून २५,००० डॉलर उसने घेऊन दोघांनी ‘कॉफमन अँड ब्रॉड’ काढली. आज ती ‘केबी होम’ म्हणून ओळखली जाते.

आता खरी गंमत ऐका. डेट्रॉइटकडे घर म्हटलं की खाली तळघर हवंच. का? तर थंडीत घर तापवायला कोळसा लागायचा, तो साठवायला. म्हणजे आपल्याकडे ज्वारीसाठी पेव असायचं ना, तसं ते कोळशाचं पेव! पण तोवर घरोघर गॅस येऊ लागला होता. कोळसा गेला, तरी पेव खणणं काही सुटेना. गवंड्याला ते दिसलं नाही, कारण त्याचा हात त्यात बसलेला. दिसलं ते खर्चाची ओळ वाचणाऱ्याला. ब्रॉडनं तळघर काढून टाकलं, गॅरेजच्या जागी मोटारीपुरती नुसती शेड दिली आणि घर १३,७४० डॉलरला विकायला काढलं. मासिक हप्ता दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या भाड्याहून कमी. गिऱ्हाइकाला घराची किंमत पेलत नाही, त्याला महिन्याचा आकडा पेलतो, हे त्याला वह्या लिहितानाच कळलं असणार.

पुढचं थोडक्यात. कॉफमन काही वर्षांत धंद्यातून बाजूला झाला. ब्रॉडनं १९७१ मध्ये एक विमा कंपनी घेतली, ती वाढवत नेली आणि १९९९ मध्ये १८ अब्ज डॉलरला विकली. मग आली दानशूरपणाची पाळी: शाळा, वैद्यकीय संशोधन, चित्रं. शाळांच्या कारभारात त्यानं पैशाच्या जोरावर ढवळाढवळ केली, असं तिकडचे बरेच शिक्षक म्हणायचे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. वही वाचता येते म्हणून वर्गही वाचता येतो असं नाही. लॉस एंजेलिसमध्ये मात्र त्यानं आणि त्याच्या बायकोनं उभारलेलं ‘द ब्रॉड’ हे कलासंग्रहालय २०१५पासून उघडं आहे, नेहमीचा संग्रह बघायला तिकीट नाही. तो गेला २०२१ साली.

भाड्याहून हलका हप्ता म्हटलं की मला आमची आक्का आठवते. पूर्व भागातल्या एका खोलीत तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर सोसायटीची १०,००० घरं झाली. ती कंपनीनं नव्हे, लाल बावट्याच्या लढ्यानं आणि सरकारी मदतीनं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या सोहळ्याला आले होते. आक्कालाही तिथंच घर मिळालं.

राहायला गेल्यावर पहिली एक तारीख आली. मी दुपारी गेलो, तर आक्का उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली आणि पदराच्या गाठीत जुन्या खोलीच्या भाड्याइतके पैसे बांधलेले. म्हटलं, “आक्का, हे कुणासाठी?” तिनं गाठीकडं बघितलं आणि हसत सुटली.

नमस्कार.